निपाणीच्या सुया

स्वरूपाला नववं सरत आलं तरी तिचं अंथरूण ओलं व्हायचं थांबलं नव्हतं. आठवड्यातनं चार दिवस, कधी पाच. नीलम सकाळी साडेपाचला उठली की पहिल्यांदा पोरीच्या गोधडीखाली हात घालून बघायची. कोरडं लागलं तर त्या दिवशी तिला कामाचं काही वाटायचं नाही. ओलं लागलं की ठरलेलं काम: पोरीला हळूच उठवून न्हाणीत न्यायचं, चादर भिजत टाकायची, गोधडी पिळून गच्चीवर न्यायची आणि पाण्याच्या टाकीमागं, कुणाला दिसणार नाही अशी पसरायची. बेळगावातल्या वडगावात घरं एकमेकांना खेटून. एका गच्चीवरचं वाळवण चार गच्च्यांना दिसतं, आणि गोधडी रोज का वाळते हे विचारायला कुणाला संकोच वाटत नाही.

घर वडगावातल्या बाकीच्या विणकरांसारखंच. खाली चार पॉवरलूम, वर माणसं. मागांचा खडखडाट दिवसभर वरच्या फरशीतनं पायांना जाणवत राहायचा. माग नीलमचा नवरा नागेंद्र बघायचा, हाताखाली एक कामगार. नागेंद्र कमी बोलणारा, व्यसन नसलेला, बायकोवर कधी आवाज न चढवलेला माणूस. स्वरूपाला त्यानं गोधडीवरून एकदाही बोल लावला नव्हता. सकाळी नीलमची धावपळ सुरू झाली की तो कूस बदलून भिंतीकडं तोंड करायचा, एवढंच. पोरीला लाज वाटू नये म्हणून बघत नाहीत, असं नीलम समजायची आणि नशिबानं चांगला नवरा मिळाला म्हणायची.

बोलायचं काम सासूचं, मालुबाईंचं. नीलम त्यांना आत्या म्हणायची. या दुखण्याचं मूळ त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ते मूळ निपाणीत होतं.

निपाणी नीलमचं माहेर. तिची आई यल्लव्वा एकतीस वर्षं घरी बिड्या वळत होती. नीलम बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा नुसतं बसवेना म्हणून दोन महिने तीही आईच्या शेजारी मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. लग्नाआधी सगळ्या पोरी तेच करायच्या, तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मालुबाईंना तेवढं पुरलं.

"पोटात असतानाच पोरीच्या आंगात तंबाखू गेली," त्या म्हणायच्या. "लघवीची पिशवी तितंच नासली. आमच्या घराण्यात असलं कुणालाबी झालेलं न्हाय."

नागेंद्र तेव्हा ताटात बघून जेवत राहायचा. पण दोनदा तोही बोलला होता. दिवाळीच्या सुट्टीत नीलम माहेरी निघाली तेव्हा म्हणाला, "पोरीला नको नेऊस तिकडं. त्या वासानं आणि वाढंल." पुढं संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तेच.

नीलमनं हे आईला, तिच्या आव्वाला, फोनवर रडत रडत सांगितलं. सांगायला नको होतं, हे तिला मागाहून कळलं. यल्लव्वानं ऐकून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात सूप धुऊन माळ्यावर टाकलं, बिडी कारखान्याचं कार्ड परत केलं. घरातली एक भिंत तंबाखूच्या धुळीनं पिवळसर झाली होती, ती चुना लावून पांढरी केली. मग एका शाळेत झाडलोट करायचं काम धरलं. "नातीनं यावं घरात," एवढंच म्हणाली.

त्याच महिन्यात चौथीची सहल ठरली. दोन दिवस बदामी. स्वरूपाच्या वर्गातल्या पोरी महिनाभर आधीपासून डब्यांचं ठरवायला लागलेल्या. स्वरूपानं घरी चिठ्ठी आणलीच नाही. बाईंनी नीलमला बोलावून विचारलं, तेव्हा पोरगी शेजारी उभी राहून म्हणाली, "मला गाडी लागती, मला न्हाय जायचं." तिला गाडी कधीच लागली नव्हती. एवढ्या सफाईनं पोरगी खोटं बोलायला शिकली, आणि ते तिला आपणच शिकवलं, असं त्या दिवशी नीलमला वाटलं. टाकीमागं गोधडी लपवताना पोरगी बघतच असायची की.

उपाय यल्लव्वानंच काढला. निपाणीत एका दुकानाच्या माडीवर डॉ. तेजस्वी म्हणून बाई होत्या. निसर्गोपचाराची डिग्री घेतलेल्या, ॲक्युपंक्चर करायच्या. यल्लव्वाच्या गुडघ्यात त्यांनी सुया टोचल्या होत्या आणि तिला जिना चढता यायला लागला होता. लहान पोरांच्या या त्रासावरही त्या उपचार करतात, असं तिनं विचारून ठेवलं. नीलमला ते पटायला दुसरंही कारण होतं. निपाणी म्हणजे बेळगावपासून दीड-दोन तासांची वाट, तिथं वडगावातलं कोण भेटणार? बायकांना बस फुकट झाल्यापासून जाण्यायेण्याचे पैसेही कुणाकडं मागायला नकोत. शेजारणींना माहेरी जाते सांगून दर रविवारी निघायचं, संध्याकाळी परत यायचं. बिड्या बंद झाल्या म्हटल्यावर नागेंद्रही अडवू शकला नाही.

पहिल्या रविवारी डॉक्टरबाईंनी सुईला हातही लावला नाही. लघवी तपासून आणायला लावली, लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवून त्यांची चिठ्ठी आणायला लावली. दोन्हीत काही निघालं नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी फाईल उघडली आणि एकेक विचारत गेल्या. शौचाला रोज होते का, पाणी कधी पिते, झोप गाढ आहे का. स्वरूपा खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होती.

"तुमच्या दोघांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास होता का? तुम्हाला, मुलीच्या वडिलांना, काका-आत्याला?"

"मला न्हवता," नीलम म्हणाली. "त्यांचं... थांबा, विचारतो."

तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडं मागांचा आवाज होता. नागेंद्र "थांब" म्हणाला, आवाज कमी कमी होत गेला. तो बाहेर बोळात आला होता.

"डॉक्टर विचारायल्यात, लहानपणी तुमाला हे होतं काय? स्वरूपाचं आहे तसं?"

तो म्हणाला, "न्हाय."

"आणि घरात कुणाला? आक्कास्नी?"

"आमच्यात कुणालाच न्हाय. का?"

"काय न्हाय, लिहून घ्यायल्यात."

डॉक्टरबाईंनी फाईलमध्ये 'नाही' असं लिहिलं. नीलमनं फोन पिशवीत ठेवला आणि मान खाली घातली. मग उरली निपाणीच. उरली ती आणि तिची आई.

उपचार सुरू झाला. सुया केसासारख्या बारीक. घोट्याच्या वर आतल्या बाजूला, बेंबीखाली, करंगळीच्या पेरावर आणि मग पालथं झोपवून कमरेला. वीस मिनिटं हलायचं नाही. पहिल्या दिवशी स्वरूपानं नीलमचा अंगठा असा पिरगाळला की तो दोन दिवस दुखत होता. पण रडली नाही. "मुंगी चावल्यागत होतंय," एवढंच म्हणाली. डॉक्टरबाईंनी घरी कॅलेंडर लावायला सांगितलं. कोरड्या दिवसावर टिकली लावायची. नीलमनं आपल्या टिकल्यांचं पाकीट पोरीला देऊन टाकलं.

बसमध्ये येताना एकदा, हत्तरगीच्या पुढं, स्वरूपानं विचारलं, "मम्मी, मी एकटीच हाय काय अशी?"

"न्हाय गं. लई जणांना असतं."

"कुणाला?"

नीलमनं आठवून बघितलं. तिला एकही नाव सांगता येईना. "असतात गं," ती म्हणाली. पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. आईनं हे उगीच समजूत घालायला सांगितलं, हे तिला कळलं होतं.

महिना-दीड महिन्यात थोडा फरक पडला. पाचाचे तीन, तिनाचे दोन झाले. कॅलेंडरवर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लाल टिकल्यांची रांगच लागली. मग परीक्षा आली आणि आठवडाभर एकही टिकली नाही. "सुया टोचून टोचून पोरीची चाळण करायलीस," मालुबाई म्हणाल्या. "आत तंबाखू मुरली हाय, ती सुईनं निघती काय?" नागेंद्र तेव्हाही जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून बसला. नीलमला तेव्हा त्याची कीव आली होती.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि नागेंद्रची थोरली बहीण मंगल दोन दिवसांसाठी आली. ती बेळगुंदीला दिलेली. घरचं शेत, काजूची झाडं. येताना पिशवीभर ओल्या काजूबिया घेऊन आली. बोलकी, मोकळी बाई. नीलमला ती आवडायची. दुपारी जेवणाच्या आधी ती साडी वाळत घालायला गच्चीवर गेली. पाठोपाठ पापड उलटायला नीलम गेली, तर मंगल टाकीमागं उभी राहून गोधडीकडं बघत होती.

"अजून चालूच हाय काय पोरीचं?" तिनं विचारलं.

नीलम कशीबशी म्हणाली, "कमी आलंय आता. उपचार चालू हाय."

"व्हईल गं. नको काळजी करूस." मंगल साडीचं टोक झटकत हसली. "नाग्याचंबी असंच हुतं की. सातवीत जाईस्तोवर. मग आपसूक थांबलं. बापावर गेलीया पोरगी."

नीलमच्या हातात पापड होता. तो तिनं परत चादरीवर ठेवला.

"कुणाचं असं हुतं?"

मंगलनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. "तुला म्हाईत न्हाय?"

"सांगा, आक्का."

"जाऊ दे गं, लहानपणची गोष्ट..."

"आक्का, तुमच्या पाया पडतो. सांगा."

मंगल टाकीच्या कट्ट्यावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं. नागेंद्र बारा वर्षांचा होईपर्यंत हेच चाललं होतं. आईनं त्याला अंगारे घातले, उपाशी ठेवलं, संध्याकाळनंतर पाणी बंद केलं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून एका माणसाकडं नेऊन कमरेवर तापलेल्या सळईचा डाग दिला. "मीच पाय धरलते त्याचे," मंगल म्हणाली. "लई वरडला. अजून ऐकू येतंय मला. आणि डागानं काय झालं न्हाय बग. त्यानंतर दीड वर्षानं थांबलं, थांबायचं तवा. तुझं लगीन ठरताना आईनं आमाला शपथ घातली, हे कुणी बोलायचं न्हाय म्हणून. मला वाटलं, त्यानं तुला सांगितलं असंल की आता. अकरा वर्षं झाली."

नागेंद्रच्या कमरेवर रुपयाएवढा गुळगुळीत व्रण होता. लग्नाच्या पहिल्या महिन्यात नीलमनं विचारलं होतं. मोटारसायकलचा सायलेन्सर लागला, तो म्हणाला होता. कमरेला, पाठीच्या कण्याजवळ, सायलेन्सर कसा लागेल, असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. नवरा सांगतोय म्हणजे तसंच असणार.

ती खाली आली. मंगलसाठी चहा ठेवला, साखर घातली, गाळला, कपात ओतला. हात आपलं काम करत होते. मग ती जिना उतरून मागांच्या खोलीत गेली. कामगार जेवायला गेला होता. नागेंद्र एकटाच दोन माग चालवत होता, मोरपंखी रंगाची साडी निम्मी झाली होती. नीलम दाराजवळच्या मेन स्विचपाशी गेली आणि तिनं तो खाली ओढला. अकरा वर्षांत त्या स्विचला तिनं हात लावला नव्हता.

सगळं थांबलं. नागेंद्र वळला. "का बंद केलंस? धोटा सुतात मधेच अडकला की."

"तुमच्या कमरेवरचा डाग कशाचा हाय?"

त्यानं जिन्याकडं बघितलं. वर मंगलचं पाऊल वाजत होतं. "आक्का बोलली व्हय," तो म्हणाला.

"मी तुमाला विचारायलोय."

तो मागाच्या फळीवर बसला. हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच राहिला. "लहानपणचं हाय गं ते. झालो नव्हं बरा."

"मी दवाखान्यातनं फोन केलतो तुमाला. पोरगी म्होरं बसलेली. डॉक्टर पेन धरून बसलेल्या. काय म्हणालासा तुम्ही?"

"आई हुती..."

"आत्या न्हवत्या. तुम्ही भाईर बोळात गेलता. मागाचा आवाज कमी झाला, मला ऐकू आलं. तुमच्या जवळ कोण न्हवतं."

"तोंडातनं निघालंच न्हाय," नागेंद्र म्हणाला. "एकदा न्हाय म्हटलं, मग आणि व्हय कसं म्हणायचं?"

"आणि माझ्या आव्वाचं? बिडीच्या वासानं झालंय म्हणालासा."

"आई म्हणायची ते."

"तुम्ही म्हणालासा. दिवाळीला एकदा, संक्रांतीला एकदा. मी मोजून ठेवलंय. आत्यांचं मी कधीच मनावर घेतलं न्हाय. तुम्ही म्हणालासा म्हणून मी आव्वाला सांगितलं. तिनं सूप टाकलं, कार्ड दिलं. एकतीस वर्षांचं काम. आता दुसऱ्यांच्या पोरांच्या वर्गात केर काढती."

"मला वाटलं, तेबी असंल. दोन्ही असंल."

"तुमाला म्हाईत हुतं," नीलम म्हणाली.

तिच्या डोळ्यासमोर सगळ्या सकाळी आल्या. गोधडी काढताना भिंतीकडं वळलेली त्याची पाठ. पोरीवर त्यानं कधीच न केलेला राग. हे सगळं तिनं चांगुलपणाच्या खात्यात धरलं होतं. हा माणूस जागा असायचा, डोळे मिटून पडायचा, आणि ओलं अंथरूण म्हणजे काय हे घरात त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पोरगी एकटीनं न्हाणीत जायची आणि तो भिंतीकडं बघायचा.

"ती मला विचारत हुती, मी एकटीच हाय काय म्हणून. मला एक नाव सांगता येईना. तुम्ही रोज तिच्या म्होरं बसून जेवत हुता."

माग बंद पडलेला ऐकून मालुबाई जिन्यावर आल्या होत्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं असावं. "लग्नात असलं कोण सांगतं गं?" त्या वरूनच म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुझ्या घरच्यांनी पोरगी दिली असती?"

"मी लग्नाचं म्हणतच न्हाय, आत्या."

"मग काय झालं एवढं? ह्येचं झालं बरं, तिचंबी हुईल."

नीलमनं मान वर करून सासूकडं बघितलं. "म्हणजे तुमालाबी म्हाईत हुतं. आपसूक बरं हुतंय म्हणून म्हाईत हुतं. आणि तीन वर्षं तुम्ही माझ्या आव्वाचं नाव घेत हुता."

मालुबाईंनी पदर सारखा केला. "कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतंय," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. या वाक्याचा नीलमला राग आला, आणि ते तिला कायमचं लक्षात राहिलं.

संध्याकाळच्या बसनं ती स्वरूपाला घेऊन निपाणीला गेली. नागेंद्र बोळाच्या तोंडापर्यंत आला. "कवा येणार?" त्यानं विचारलं. ती पोरीचा हात धरून चालत राहिली. स्वरूपानं हात हलवला, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं.

यल्लव्वाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून झालं तरी तिचे हात परातीतच होते. मग तिनं एकच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं न्हाय?"

"न्हाय, आव्वा."

"सुपामुळं न्हाय?"

"न्हाय गं."

यल्लव्वा परातीतलं पीठ गोळा करायला लागली, उगीचच, कडेकडेनं. "कार्ड परत देताना साहेबानं विचारलं, यल्लव्वा, का सोडायलीस. मी म्हटलं, डोळ्यांना दिसंना झालंय." ती थोडी हसली आणि मग तिला रडू आलं. कार्ड परत मिळतंय का, हे तिनं पुढच्या आठवड्यात जाऊन विचारलं. नवीन बायका घेणं बंद होतं.

रविवारी नीलम पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. स्वरूपाला बाहेर बाकावर बसवून तिनं डॉक्टरबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी फाईल काढली, ते 'नाही' शोधलं, त्यावर रेघ मारली आणि 'वडील, बाराव्या वर्षापर्यंत' असं लिहिलं.

"हे बहुतेक वेळा घराण्यातनंच येतं," त्या म्हणाल्या. "आणि वय वाढलं की बहुतेकांचं जातं. तंबाखूचं तुम्ही मला कधी बोललाच नाहीत, नाहीतर मी तेव्हाच तुमच्या मनातनं काढून टाकलं असतं."

"लाज वाटायची," नीलम म्हणाली.

"हं. पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी त्याच दिवशी मुलीला सांगितलं असतं, बाबांनाही होतं, बघ, आता किती मोठे झालेत. तिची अर्धी भीती तिथंच गेली असती."

"मग सुया कशाला टोचल्या आपण?"

डॉक्टरबाईंनी टाळाटाळ केली नाही. "काही मुलांना फरक पडतो, काहींना नाही. मी तुम्हाला खात्री दिली नव्हती, आजही देत नाही. चालू ठेवायचं की नाही, ते मुलीला विचारा."

स्वरूपाला विचारलं. तिनं जरा विचार करून सांगितलं, "चालू ठेवूया. तितं मला कुणी काय बोलत न्हाय."

नागेंद्रचे फोन रोज येत होते. नीलम उचलायची, "पोरगी बरी हाय" म्हणायची आणि ठेवायची. सातव्या दिवशी तिनं सांगितलं, "आमाला न्यायचं असंल तर या. आधी आव्वाला सांगायचं, मग पोरीला. तुमच्या तोंडानं. मी सांगणार न्हाय."

तो दोन दिवसांनी आला. दाढी वाढलेली, हातात केळ्यांची पिशवी. यल्लव्वानं नेहमीसारखं पाणी दिलं, चहा दिला. तो जमिनीकडं बघत बोलला. मधे दोनदा थांबला, पण सगळं बोलला: त्याचं लहानपण, फोनवरचं खोटं, तंबाखूवर घातलेला आळ. "मला माफ करा, आव्वा," तो म्हणाला. यल्लव्वा म्हणाली, "जेवून जा." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि नीलमला ते बरं वाटलं.

मग त्यानं स्वरूपाला हाक मारली. ती समोर येऊन बसली. त्यानं जे सांगितलं ते तिनं हनुवटी गुडघ्यावर टेकवून ऐकलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "दाखवा."

नागेंद्रनं पाठ फिरवून शर्ट वर केला. स्वरूपानं वाकून बघितलं. बोट लावलं नाही.

"दुखलं काय?"

"लई."

"रडलासा?"

"व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलासा?"

नागेंद्र शर्ट खाली ओढत म्हणाला, "लाज वाटत हुती, बाळ."

"मलाबी वाटत हुती की," स्वरूपा म्हणाली.

ती उठली आणि मागच्या दारी गेली. बराच वेळ तिकडं बादलीत पाणी ओतायचा आवाज येत राहिला. यल्लव्वाच्या दोन कुंड्या होत्या, त्यांना पोरगी पुन्हा पुन्हा पाणी घालत होती. नागेंद्र तिच्या मागं जायला उठला, तर नीलम म्हणाली, "बसा."

मे संपता संपता नागेंद्र न्यायला आला आणि ते तिघं परत निघाले, कारण शाळा उघडणार होती आणि पोरीची शाळा वडगावात होती. दुसरं काही कारण नीलमला सुचलं नाही. बसमध्ये तीन जणांची एक सीट रिकामी मिळाली. स्वरूपा खिडकीशी बसली, नीलमला शेजारी ओढलं आणि उरलेल्या जागेवर दप्तर ठेवलं. "पप्पा, तुम्ही मागं बसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नागेंद्र मागच्या सीटवर बसला. संकेश्वर येईपर्यंत नीलमला त्याचा श्वास मानेमागं ऐकू येत होता. ती वळली नाही.

स्वरूपाचा त्रास पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातनं एकदा-दोनदा झाला, मग महिन्यातनं एकदा, आणि अकरावं लागायच्या सुमारास थांबला. सुयांनी थांबला की वयानं, की बापालाही तेच होतं हे कळल्यानं, हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. मालुबाईंनी तंबाखूचं नाव परत घेतलं नाही, पण चुकलं असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत. नागेंद्र मात्र बदलला. परत आल्यापासूनच तो सकाळी नीलमच्या आधी उठायला लागला, गोधडी स्वतः पिळून गच्चीवर न्यायला लागला, आणि टाकीमागं न लपवता मोकळ्या जागेत पसरायला लागला. शेजारणीनं विचारलं तर "पाणी सांडलं" म्हणायचा. हळूहळू पोरगी त्याच्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली. पोरांचं तसं असतं.

नीलमचं तसं झालं नाही. तो आता तिला सगळं सांगायचा, न विचारता सांगायचा. सूत कुठून आणलं, कोण भेटलं, काय बोललं. ती ऐकायची. एका दुपारी तो जेवायला वर आला नाही. खालून हाक मारून म्हणाला, साडी संपवूनच येतो, अर्धा तास लागंल. नीलमनं ताट झाकून ठेवलं. जरा वेळानं ती जिन्याच्या चार पायऱ्या उतरली आणि वाकून आत बघितलं. तो मागापाशीच होता, तुटलेला धागा जोडत, पाठमोरा. आपण हे काय करतोय असं तिला वाटलं, स्वतःचीच शरम वाटली. तरी मागावरची साडी खरंच संपायची आहे हे तिनं नीट बघून घेतलं आणि मगच ती वर आली.